क्रोने: ऱ्हाइनकाठची जुनी सराय आणि तिची लाल वाइन (श्राव्य सफरीच्या प्रकल्प नोंदी)

काय करतोय: जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठच्या आस्मान्सहाउझेन गावातल्या ‘क्रोने’ या सरायीवर मराठी श्राव्य सफर. कानात इयरफोन घालून, रमतगमत चालत ऐकायची. श्रोते म्हणजे दर उन्हाळ्यात पुण्या-नाशकाहून इकडे येणारे आईवडील, सासूसासरे, मामा-मावश्या. मजकूर माझ्याकडे, आवाज मैत्रिणीचा, कापाकापी तिच्या नवऱ्याकडे.

९ मार्च २०२५

विषय ठरला. शेजारचं रुडेसहाइम शहर नको, एवढ्यावर मंडळात सगळ्यांचं एकमत झालं. पाहुण्यांना तिथे सगळेच नेतात: ड्रोसेलगासेच्या गल्लीत आइसक्रीम, केबलकारने वर, जर्मानियाच्या पुतळ्यापाशी फोटो, की परत. ऱ्हाइन तिथून थोडी पुढे जाऊन उत्तरेला वळते आणि वळणापलीकडे हे छोटं गाव लागतं. कागदोपत्री १९७७पासून ते रुडेसहाइमचाच भाग आहे. पण रुडेसहाइम रीसलिंग द्राक्षाच्या पांढऱ्या वाइनचं आणि आपण लाल वाइनचे, या एका गोष्टीवर गावाने आपला ताठा टिकवला आहे.

क्रोने म्हणजे मुकुट. गावाच्या नदीकडच्या तोंडाशी ही इमारत आहे: लाकडी पट्ट्यांच्या नक्षीच्या भिंती, बुरूजवजा कोपरे, पुढे झाडांच्या सावलीतला सज्जा. सराय १५४१ची. क्रोने हेच नाव लावणारा वाइनचा कारभारही गावात आहे. मला दोन्हींचा इतिहास वेगवेगळा सांगायचा नाही. प्रवासी इथे आधी नाइलाजाने का थांबत होते आणि नंतर आपणहून का थांबायला लागले, हा प्रश्न धरला तर सराय आणि मळा एकाच गोष्टीत बसतात.

१६ मार्च

नकाशा उलगडून बसले. गोष्ट इमारतीपासून नाही, नदीपासून सुरू करावी लागणार.

माइन्झपासून बिंगेनपर्यंत ऱ्हाइन ऐसपैस, पश्चिमेकडे वाहते. बिंगेनला डोंगर आडवा येतो आणि ती अरुंद दरीत शिरते. नेमकी तिथे पात्रात क्वार्ट्झाइट खडकाची आडवी धार होती. तिच्यातली फट म्हणजे बिंगर लोख, बिंगेनचं भोक. पाणी तिथून उसळून जायचं आणि नावाड्यांच्या पोटात गोळा यायचा. मोठा माल असलेली गलबतं बऱ्याचदा हा धोका पत्करतच नसत. खाली लोर्खला माल उतरवायचा, डोंगरावरून गाड्यांनी रुडेसहाइमच्या बाजूला न्यायचा आणि पुन्हा होडीत भरायचा. ती वाट आजही ‘व्यापाऱ्यांचा रस्ता’ म्हणूनच ओळखतात.

खडक कमी होता म्हणून की काय, त्याच जागी जकात नाकंही होतं. उजव्या काठावर एरेनफेल्सचा किल्ला माइन्झच्या आर्चबिशपचा, पाण्यात त्याचा टेहळणी मनोरा. हाच तो मॉयझेटुर्म, उंदरांचा मनोरा. दुष्ट बिशप हाटोला इथे उंदरांनी कुरतडून खाल्लं अशी दंतकथा आहे. पाहुण्यांना ती हमखास आवडेल, म्हणून ठेवतेय, पण अर्ध्या मिनिटात. जकातीची गोष्ट जास्त खरी आहे आणि जास्त क्रूरही.

आस्मान्सहाउझेन या सगळ्याच्या दोन-तीन किलोमीटर खाली. खालून कोलोनकडून वर येणाऱ्या होडीला उजव्या काठावरचं हे भोकाआधीचं शेवटचं गाव. प्रवाहाविरुद्ध होडी घोडे ओढायचे, काठावरच्या वाटेने, दोरखंड लावून. घोड्यांना दाणापाणी, माणसांना बिछाना, पाणी चढलं असेल तर दोन दिवस मुक्काम. अशा जागी सराय नसती तरच नवल.

२ एप्रिल

१५४१चं काय करायचं, यावर आज बराच वेळ गेला. मैत्रिणीला पहिलंच वाक्य ‘पावणेपाचशे वर्षांपूर्वीच्या या भिंतींकडे बघा’ असं हवं होतं. ते चालणार नाही. आज दिसणारी इमारत बहुतांशी १९व्या शतकाच्या उत्तरार्धातली, जुन्याचा आव आणून बांधलेली. ते बुरूजही तसलेच. जुनं आहे ते सरायीचं नाव आणि हक्क.

हक्काची गोष्ट मला फार आवडली. जुन्या जर्मन मुलखांत खानावळ म्हणजे कुणीही उठून काढावी असा धंदा नव्हता. दारावर पाटी टांगायची, म्हणजे मुकुट, गरुड, अस्वल, हंस असं काहीतरी, तर राज्यकर्त्याची परवानगी लागे आणि ती बहुधा घराला चिकटलेली असे. मालक बदलला तरी पाटी घराची. पाटीवाल्याला मुक्कामी माणसं ठेवता येत, घोडे बांधता येत, गरम जेवण वाढता येई. बिनपाटीचा द्राक्ष उत्पादक स्वतःची वाइन स्वतःच्या अंगणात विकू शके, तेही वर्षातले काही महिने, दारावर झाडाची जुडी टांगून. ही दुसरी प्रथा अजून जिवंत आहे. कायद्याने वर्षाला चार महिने आणि चाळीस खुर्च्यांपर्यंत. ऱ्हाइनगाउत, म्हणजे या वाइनच्या मुलखात, उन्हाळ्यात फिरलं की दारावर अशा जुड्या आणि माळा दिसतात.

म्हणजे पाटीची सराय आणि स्वतःचा मळा एकाच छत्राखाली आले की वर्षभर आपलीच वाइन पेल्यापेल्याने विकता येते. पिंप घेऊन व्यापाऱ्याच्या दारात भावासाठी उभं राहावं लागत नाही. बरं पीक आलं तर बाटल्या, जेमतेम आलं तर जेवणासोबतचा प्याला. सराय आणि मळा एकमेकांना धरून का टिकतात, याचं एवढं साधं उत्तर माझ्या मते पुरेसं आहे.

१५४१च्या आगेमागे काय चाललं होतं, तेही दोन ओळींत घेतेय. मुलूख माइन्झच्या आर्चबिशपचा. १५२५च्या शेतकरी उठावात इथल्या लोकांनी एबरबाखच्या मठावर ठाण मांडून तिथलं अवाढव्य पिंप, सुमारे ७० हजार लिटरचं, बरंचसं रिकामं केलं होतं. आणि १५४०चा उन्हाळा युरोपच्या आठवणीतला सर्वांत कोरडा. ऱ्हाइन काही ठिकाणी चालत ओलांडता आली आणि द्राक्षांत साखर अशी भरली की त्या साली वुर्त्सबुर्गला झालेली वाइन १९६१मध्ये लंडनला उघडली तेव्हाही पिण्याजोगी होती. सराय सुरू झाली ती याच्या दुसऱ्या वर्षी.

११ मे

पुण्याहून काका आलेत. सार्वजनिक बांधकाम खात्यात सगळी नोकरी, त्यामुळे किल्ल्यांपेक्षा खडक कसा फोडला यात रस. त्यांना रुडेसहाइमहून बिंगेनच्या फेरीबोटीने पलीकडे नेलं. मनोऱ्यासमोर डाव्या काठावर प्रशियाने, म्हणजे त्या काळच्या बलाढ्य जर्मन राज्याने, १८३२मध्ये उभारलेलं स्मारक आहे, भोकातून सुरुंगाने काढलेल्या दगडांचंच. १८३० ते १८३२ या काळात वाट रुंद केली. पुढे १९व्या शतकाच्या शेवटी आणखी काम झालं आणि १९६६ ते १९७४मध्ये उरलासुरला अडथळाही काढला. मनोऱ्यावरून १८५०च्या दशकापासून जहाजांना इशारे देत, १९७४ला तेही काम संपलं.

आम्ही उभे असताना एक लांबलचक मालवाहू बोट खडी भरून आली आणि तशीच निघून गेली. काका घड्याळात बघत होते. म्हणाले, “अगं, हे तर कर्जतसारखं झालं. घाट चढायला मागून इंजिन लावायचं म्हणून गाडी थांबायची, थांबायची म्हणून वडा खपायचा. उद्या गाडी थांबायचीच बंद झाली तर वडेवाल्याने काय करायचं?”

हेच वाक्य सफरीत जसंच्या तसं घेतलंय. सरायीचा १८३२नंतरचा सगळा इतिहास म्हणजे वडेवाल्याने काय केलं त्याचं उत्तर आहे.

१८ मे

उत्तराचा पहिला भाग: वाफ. १८२७च्या १ मेपासून कोलोन ते माइन्झ नियमित आगबोटी सुरू झाल्या होत्या. त्यांना घोडे लागत नव्हते. भोक रुंद झाल्यावर तर थांबायचंही कारण उरलं नाही. घोडेवाल्यांच्या मुक्कामाला उतरती कळा लागली ती इथून. पण त्याच बोटींतून एक नवीन प्राणी आला: काम नसताना प्रवास करणारा माणूस. किल्ले बघायला, चित्रं काढायला, उसासे टाकायला. कोब्लेन्झच्या कार्ल बेडेकरने १८३५मध्ये ऱ्हाइन प्रवासाची मार्गदर्शिका सुधारून काढली, कुठे उतरावं आणि काय बघावं हे भाड्याच्या वाटाड्याला न विचारता कळावं म्हणून. समोरच्या काठावरचा राइनश्टाइन किल्ला प्रशियाच्या एका राजपुत्राने १८२०च्या दशकात पडझडीतून पुन्हा बांधला होता. क्रोनेच्या सज्ज्यातून देखावा आयता मिळाला.

१८६२ला उजव्या काठाने रेल्वे आली, नासाउ संस्थानाची. १८८५ला गावातून वर नीडरवाल्डच्या डोंगरावर दातेरी रूळांची गाडी. आता त्या जागी दोरावरून जाणाऱ्या खुर्च्यांचा पाळणा आहे. हा सगळा भाग सफरीत दीड मिनिटात उरकायचा. तारखांची यादी ऐकत चालणं म्हणजे शिक्षा.

३ जून

चाचणी ध्वनिमुद्रण फसलं. उजव्या काठाची ही लाइन मालगाड्यांची. एक गेली की दुसरी. मैत्रिणीच्या प्रत्येक वाक्याला मागून डब्यांचा खडखडाट. निवेदन घरीच करायचं आणि गाडीचा आवाज फक्त रेल्वेच्या परिच्छेदात मुद्दाम टाकायचा, असं ठरलं.

२२ जून

मळा. गावामागे बाजूच्या दरीत ह्योलेनबेर्गचा उतार आहे. इतका तीव्र की खालून बघताना वेलींच्या ओळी भिंतीवर टांगल्यासारख्या वाटतात. वर जायचं तर वाकूनच. एक चपटी कपची उचलली: राखाडी-जांभळट, चमचमणारी, बोटांनी दाबली तर पापुद्रे सुटणारी. हा फिलाइट, लिहायच्या पाटीच्या दगडाचाच भाऊ. सकाळचे दहा वाजले होते आणि कपची हातात धरवत होती जेमतेम. दगड दिवसा तापतो, रात्री हळूहळू ऊब सोडतो. वारा दरीमुळे अडतो, तोंड दक्षिणेला आणि नैऋत्येला.

ऱ्हाइनगाउत तीन चतुर्थांशाहून जास्त क्षेत्र रीसलिंगचं. इथे मात्र श्पेटबुर्गुंडर, म्हणजे फ्रान्सचं पिनो न्वार. लाल द्राक्ष या मुलखाला नवखं नाही. वरच्या अंगाला हाटेनहाइममध्ये १४७० सालीच त्याची नोंद सापडते. वेल नखरेल आहे. साल पातळ, घड गच्च, पाऊस लागला की मण्यामण्यात कूज पसरते. नाशिककडच्या बागाईतदाराला हे सांगायला नको.

एक गोष्ट नकाशावरून माझी मीच जुळवली. आस्मान्सहाउझेन भोकाच्या आणि एरेनफेल्सच्या नाक्याच्या खाली. म्हणजे इथलं पिंप होडीत चढलं की कोलोनच्या बाजाराकडे जाताना त्याला त्या दोन्ही विघ्नांचं तोंड बघावं लागत नव्हतं. पुढे काउबला वगैरे नाकी होतीच, पण निदान पहिलं चुकलं. वर येणाऱ्या होड्यांच्या अडचणीवर सराय जगत होती आणि खाली जाणाऱ्या वाइनला तीच अडचण नव्हती. एकाच खडकाचे दोन फायदे.

१३ जुलै

फ्राइलिग्राट. यासाठी मी पाच मिनिटं मागितली होती, सात घेणार.

फेर्डिनांड फ्राइलिग्राट, जन्म १८१० डेटमोल्डचा. सिंह, वाळवंटं, दूरदेश यांवर दणदणीत कविता लिहून नाव झालेला कवी. १८४२पासून प्रशियाच्या राजाने त्याला वर्षाला ३०० टालर (तेव्हाची चांदीची नाणी) मानधन लावून दिलं. कवीने पक्षाच्या तटावर उभं राहू नये, त्याहून उंच जागी राहावं, असं त्याने आदल्याच वर्षी लिहिलं होतं. त्यावर हेरवेग या दुसऱ्या कवीने कवितेतच त्याला झाडलं: बाजू घे. मानधन मिळाल्यावर तर टोमण्यांना ऊत आला.

तो तेव्हा पलीकडच्या काठावर, सांक्ट गोआरला राहत होता. म्हणजे प्रशियात. १८४३च्या ऑगस्टमध्ये कोब्लेन्झच्या एका सरायीत होफमान फोन फालर्सलेबेनशी त्याची रात्रभर बैठक झाली. जर्मन राष्ट्रगीताचे शब्द ज्याचे, तोच हा. राजकीय कवितांपायी त्याची प्राध्यापकी नुकतीच गेली होती. दरम्यान फ्राइलिग्राटच्या स्वतःच्या कवितांवरही सेन्सॉरची कात्री चालायला लागली. शेवटी १८४४च्या वसंतात तो नदी ओलांडून क्रोनेत येऊन राहिला आणि ‘आइन ग्लाउबेन्सबेकेन्टनिस’ (म्हणजे श्रद्धेची कबुली) हा कवितासंग्रह पुरा केला. प्रस्तावनेखाली लिहिलं: आस्मान्सहाउझेन, मे १८४४. प्रस्तावनेत मानधन सोडल्याचं जाहीर केलं. पुस्तक माइन्झच्या त्साबर्नने काढलं, प्रशियात त्यावर बंदी आली, तोपर्यंत कवी ब्रसेल्सला. तिथे पुढच्या वर्षी मार्क्सशी गाठ पडली.

नुसत्या चरित्रापेक्षा मला इथला भूगोल सांगायचाय. क्रोनेच्या सज्ज्यात उभं राहा. पायाखाली नासाउची डची. समोरचा काठ प्रशिया. वर नदीला माइन्झ, ते हेसेन-डार्मश्टाटच्या ग्रँड ड्यूकचं. अर्ध्या दिवसाच्या अंतरात तीन राज्यं, तीन सेन्सॉर, तीन पोलीस. पुस्तक लिहायला एक, छापायला दुसरं आणि टाळायला तिसरं. सराय सरहद्दीवर असल्याचा हा उपयोग १५४१मध्ये कुणाच्या डोक्यातही नसणार.

आणि याचा शेवट असा की १८६६च्या युद्धानंतर प्रशियाने नासाउ गिळलं. क्रोनेसुद्धा प्रशियात गेली. १८६८मध्ये फ्राइलिग्राट लंडनहून जर्मनीत परतला, लोकांनी वर्गणी काढून आणल्यामुळे. राहायला गेला तो थेट दक्षिणेत, श्टुटगार्टकडे.

त्याच वर्षीच्या मानहाइम कराराने ऱ्हाइनवरचे जकात कर संपले. खडक फुटला, नाकं गेलं, सरहद्द गेली. थांबायला भाग पाडणारं काही उरलं नाही. उरल्या दोन गोष्टी: वाइन आणि कवीची आठवण. सरायीने दोन्ही नीट सांभाळल्या, आणि मला तरी यात काही गैर वाटत नाही. काकांचा मात्र कवीला सात मिनिटं आणि सुरुंगाला दोन, याला सक्त विरोध आहे.

२१ सप्टेंबर

तोडणीचे दिवस. वर ओळींमध्ये माणसं पाठीवर डबे घेऊन उतरताना दिसतात. अशा उतारावर यंत्राचं फारसं चालत नाही.

लाल वाइन कशी होते, हे गावातल्या एका उत्पादकाने समजावलं. रीसलिंगचा रस पिळून साली लगेच बाजूला काढतात. इथे मणी सालींसकट आंबतात, कारण रंग सालीत असतो, रसात नाही. आंबताना साली फुगून वर येतात, त्यांचा जाड थर बसतो. तो दिवसातून काही वेळा खाली दाबावा लागतो. त्याने मला दांडा दिला. थर वाटतो तितका मऊ नसतो, सगळं अंग टाकावं लागतं, आणि तो फुटला की खालून गरम, नाकात झोंबणारी वाफ येते. तोंड बाजूला घे, तो म्हणाला. कार्बन डायऑक्साइड, गंमत नाही.

मग पिंपं. ऱ्हाइनचं जुनं माप म्हणजे १,२०० लिटरचं ‘श्ट्युक’, त्याचं अर्धं ६०० लिटरचं. १९८०च्या दशकापासून त्यांच्या शेजारी २२५ लिटरची फ्रेंच धाटणीची पिंपं आली आणि चव बदलली. जुनी आस्मान्सहाउझेनची लाल वाइन फिकट असे, विटकरीकडे झुकणारी, कडवट बदामासारखा वास, कित्येकदा थोडी गोडसर. आताची गडद, कोरडी. काही श्रेय तळघराचं, काही तापलेल्या उन्हाळ्यांचं. त्याच्या वडिलांच्या काळात द्राक्षं पिकायची वाट बघावी लागे. आता जास्त पिकायच्या आत तोडायची घाई.

मला फिकट चांगली वाटली, एक जुनी बाटली चाखायला मिळाली त्यावरून. मैत्रिणीला गडद. सफरीत दोघींचं मत जाईल.

५ ऑक्टोबर

मांडणी ठरली. सुरुवात बोटीच्या धक्क्यावर: खडक, भोक, नाकं. दुसरा थांबा क्रोनेसमोर: पाटी आणि हक्क. तिसरा काठाकाठाने चालताना: सुरुंग, आगबोट, मालगाडीचा आवाज, काकांचं कर्जत. कवी सज्ज्यासमोरच्या बाकावर, म्हणजे सात मिनिटं बसून ऐकता येईल. गुडघे दुखणाऱ्यांची सोय झाली आणि काकांची हरकतही निम्मी झाली; उरलेली निम्मी मिटवायला सुरुंगाला एक मिनिट वाढवून दिलं. मळ्याचा थांबा उताराच्या पायथ्याशीच. वर चढायला कुणालाही सांगायचं नाही, विशेषतः दगड ओला असेल तेव्हा.

उंदरांचा बिशप वीस सेकंदांवर आणला. १५४०चा उन्हाळा ठेवला. दातेरी गाडी वगळली.

शेवटच्या थांब्यासाठी एक सूचना वेगळी मुद्रित करायची आहे. आपल्या पाहुण्यांतले निम्मे वाइन पीत नाहीत आणि ‘काही नको’ म्हणून नुसते बसून राहतात. गावातल्या वाइनवाल्यांकडे बहुतेक ठिकाणी द्राक्षांचा रस मिळतो. ‘ट्राउबेनझाफ्ट’ म्हणायचं. लाल आणि पांढरा, दोन्ही विचारायचे. सप्टेंबर-ऑक्टोबरात गेलात तर ‘फेडरवायझर’ म्हणून गढूळ, गोड काहीतरी पुढे येईल, सोबत कांद्याचा केक. तो रस नव्हे, अर्धवट आंबलेली वाइन आहे आणि चढते. हे वाक्य दोनदा घ्यायचं.